माणशी शंभर ग्रॅम

रोज दहा वाजता मी ऑफिसच्या दारात उभी राहते
पदराला हात पुसत.
आज किती?
माळवदेबाई हजेरीवरनं बोट फिरवतात, आकडा सांगतात.
माणशी शंभर ग्रॅम. एवढंच गणित मला येतं,
पण ते पक्कं येतं.

बेचाळीस होती पोरं, तेव्हा चार किलो दोनशे.
दोन खोल्या, दोन मास्तर,
आणि टोप असा की एकटीनं उतरवावा.
भिंतीवर लिहून घेतलं होतं, गुढीपाडवा, पट वाढवा.
पाडव्याला कुणी यायचं नाही.
समोरनं पिवळी बस जायची तासगावच्या इंग्लिश शाळेची,
तिच्या धुळीत आमची गुढी.

मग काय झालं ते कुणी नीट सांगत नाही.
कुणी म्हणतं, बसचं भाडं वाढलं.
कुणी म्हणतं, जमदाड्यांचा ओजस तिसरीत असून
बसनं जाणाऱ्या बहिणीचे अपूर्णांक सोडवून गेला.
माळवदेबाई काहीच म्हणत नाहीत,
त्या रविवारी येऊन फळ्याला काळा रंग देतात.
मला फक्त तांदूळ कळतो.
सहा किलो झाला. आठ झाला.
शाळेत सगळ्यात आधी माझा टोप वाढला.

तिसरी मारुतीच्या ओट्यावर गेली,
पाढे म्हणता म्हणता प्रदक्षिणेला वाट द्यायची.
चौथी जमदाड्यांच्या बेदाणा शेडमध्ये.
हिरव्या जाळीतनं येणारा उजेड,
वह्या हिरव्या, हसली की पोरांचे दातसुद्धा.
फेब्रुवारीत द्राक्षं जाळीवर चढली
आणि चौथी खाली उतरली,
माझ्या स्वयंपाकाच्या शेडपाशी, सावलीला.
फोडणी पडली की अख्खा वर्ग खोकायचा,
भागाकार तिथंच थांबायचा.

त्या पाडव्याला फाटकाबाहेर रांग.
जतकडनं छाटणीला आलेला सिद्धाप्पा,
बोटाला दानम्मा, तिच्या काखेत कोरी पाटी.
बाई म्हणाल्या, जागा नाही हो.
तो म्हणाला, बारकी आहे, कुठंबी बसंल.

मला आपलं वाटायचं, जागा म्हणजे काय,
पंगतीत "सरकून घ्या" म्हटलं की होते.
पण भिंत सरकत नाही.
भिंतीला पंचायत समितीतनं माणूस यावा लागतो.

तो आला, उन्हाळा संपता संपता.
टेपचं एक टोक माझ्याच हातात दिलं,
इकडं धरा मावशी. धरलं.
दोन खोल्या मंजूर आहेत, म्हणाला,
पण नऊ फूट कमी पडतंय.
नऊ फूट म्हणजे कुठवर ते मी न बघता ओळखलं.
चुलीपासनं पोत्यांच्या फळीपर्यंत.

ग्रामसभा रात्री साडेअकरापर्यंत चालली.
कुणाला आधी सभामंडप हवा होता.
कुणी म्हणालं, पोरं काय, आज आहेत, उद्या परत बसनं जातील.
जमदाडे अण्णांनी फाटलेल्या जाळीचा हिशेब काढला
आणि मग सिमेंटची वीस पोती स्वतःच लिहून दिली.
शेवटी सगळे माझ्याकडं बघायला लागले,
जणू चूल मी माहेरनं आणली होती.
घ्या की, म्हटलं.
घरी येऊन जेवले मात्र नाही.

आता पाण्याच्या टाकीमागं चार पत्रे.
वारा शेगडी विझवतो, डाळ शिजायला वेळ घेते.
जुनी जमीन खणली तेव्हा वीतभर काळी माती निघाली,
गवंडी म्हणाला, दहा वर्षांची काजळी असंल.
चौदा, मी म्हटलं.
तिथं आता पहिली बसते.
रंग अजून ओला, पोरं टेकली की पाठीवर पांढरं उमटतं,
आणि दानम्मा नेमकी तिथं,
जिथं मी पळी घेऊन उभी राहायचे.

आज किती?
एकशे अठरा, बाई म्हणतात.
फाटकाबाहेर आणखी दोन आहेत,
नव्या वीटभट्टीवरची, भाऊभाऊ,
दाखला नाही, नाव अजून चढलेलं नाही.
बाई मान वर करत नाहीत, मीही विचारत नाही.
बारा किलो मोजून टोपात ओतते.